खटका दगा देण्याआधी

मंडळी, शेतकऱ्याच्या खिशात मिटता चाकू असतोच. सुतळी कापायची असो, उसाचे कांडे सोलायचे असो, पोत्याची शिवण उसवायची असो, नाही तर आंब्याचे कलम करायचे असो. हात आपोआप खिशाकडे जातो. चाकू लहान, पण काम मोठे.

हा चाकू मिटतो म्हणून खिशात ठेवता येतो. पण जो मिटतो, तो नको त्या वेळीही मिटू शकतो. तसा तो मिटू नये म्हणून त्याला खटका असतो. खटका पक्का, तर चाकू पक्का. खटका कच्चा, तर तो चाकू बोटावर टपून बसलेला शत्रूच समजा.

आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. एके सकाळी ते गोठ्यात वैरणीचा भारा सोडत होते. गाठ घट्ट बसली होती. त्यांनी चाकूचे टोक सुतळीखाली घातले आणि वर उचकले. खटका सुटला. पाते झपकन मिटले ते थेट बोटांवर. तीन बोटे कापली. मधल्या बोटाची शीर तुटली. तालुक्याच्या दवाखान्यात टाके पडले. सुगीचे दिवस, आणि उजवा हात गळ्यात बांधलेला!

आम्ही त्यांना पाहायला गेलो. ते म्हणाले, "गुरुजी, चाकू चांगला दोन वर्षांचा. मोडला नाही, गंजला नाही. मग असं कसं झालं?"

आम्ही विचारले, "या आधी कधी ढिला वाटला होता का?"

ते थोडे थांबले. मग म्हणाले, "तसं दिवाळीपासून उघडताना टक् असा आवाज येत नव्हता. पण कापत होता ना! म्हटलं, चालतंय तोवर चालू द्यावं."

आम्ही तो चाकू उजेडात नेऊन पाहिला. मुठीच्या आत तंबाखूचा भुगा होता. त्यात वाळलेला चुना होता. उसाचा रस आटून त्यावर त्याचा थर बसला होता. सारे मिळून दगडासारखे घट्ट झाले होते. खटक्याचा दात जिथे बसायचा, ती जागाच भरून गेली होती. दात अर्धाच बसत होता. हे गृहस्थ चाकू आणि तंबाखूची पिशवी एकाच खिशात ठेवीत असत.

म्हणजे चाकूने अचानक दगा दिला नव्हता. तो कित्येक दिवस सांगत होता, पण ऐकणारा कोणी नव्हता. म्हणून आज आपण चाकूची ही भाषा शिकू.

चाकूचे भाग

तुमचा चाकू हाती घ्या. ज्याने कापतो ते पाते. जी धरतो ती मूठ. मुठीत लांब फट असते. मिटल्यावर पाते तिच्यात जाते. तिला आपण खोबण म्हणू. ज्या खिळ्यावर पाते फिरते, ती खीळ. पात्याचा खिळीजवळचा जाड भाग म्हणजे पात्याचे बूड. पात्याची एक कड धारेची, दुसरी जाड. ती जाड कड म्हणजे पात्याची पाठ.

आता खटका कोठे आहे ते पाहू. बाजारात मुख्यतः चार जातींचे मिटते चाकू दिसतात. बटण दाबताच उडून उघडणारा चाकू शेतीच्या कामाचा नव्हे. तो आपण येथे धरत नाही.

पहिली जात साध्या कमानीची. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते. ती पात्याच्या बुडावर दाब देते. पाते उघडले की टक् असा आवाज येतो. पुष्कळ लोकांना वाटते, हाच खटका. तसे नाही! येथे खटका मुळीच नाही. नुसता दाब आहे. पात्याच्या पाठीवर जोर आला की हा चाकू मिटणारच. तो बिघडला म्हणून मिटत नाही. तो तसाच घडवलेला आहे. कलमाचे आणि पेन्सिल तासायचे पुष्कळ चाकू या जातीचे असतात.

दुसरी जात पाठपट्टीच्या खटक्याची. मुठीच्या पाठीत एक पट्टी मध्यभागी तोललेली असते, तराजूच्या दांडीसारखी. तिच्या पुढच्या टोकाला दात असतो. पाते पूर्ण उघडले की तो दात बुडातल्या खाचेत पडतो. मागच्या टोकाखाली कमान असते. ती कमान दात खाचेत दाबून धरते. मागे अंगठ्याने दाबले की दात वर उचलतो आणि पाते मिटते. आपल्या शेतकरी मित्राचा चाकू याच जातीचा होता.

तिसरी जात बाजूच्या पट्टीची. खोबणीच्या आत एका अंगाला पातळ पोलादी पट्टी असते. पाते उघडले की ती बाजूने सरकून बुडाच्या मागे आडवी उभी राहते. दाराला आतून अडसर लावतो, तसे. मिटताना तिला अंगठ्याने बाजूला सारावे लागते.

चौथी जात कड्याची. मुठीच्या तोंडाशी एक फिरते कडे असते. कड्यात एका जागी फट असते. पाते उघडून कडे फिरवले की फट बाजूला जाते आणि पात्याची वाट बंद होते. फ्रान्स देशाच्या सावॉय या डोंगरी भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली लाकडी मुठीचा एक साधा, स्वस्त चाकू तयार केला. तिकडचे शेतकरी तो वापरू लागले. त्या चाकूला हे कडे १९५५ साली बसवले गेले. म्हणजे त्या आधी पासष्ट वर्षे तो चाकू कड्यावाचूनच चालला. चालवणाऱ्यांना हाताची रीत राखावी लागत होती. हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे.

खटक्याची परीक्षा

आजारी माणसाला औषध देण्याआधी वैद्य नाडी पाहतो. तशीच चाकूची नाडी पाहू. घाई नको. मुले जवळ नकोत.

आधी कानाने पाहा. पाते सावकाश पूर्ण उघडा. खटका बसताना स्पष्ट आवाज येतो का? पूर्वी टक् येत होता आणि आता थप् येतो, किंवा काहीच येत नाही, तर आत काही तरी अडले आहे.

मग डोळ्याने पाहा. पाठपट्टीचा चाकू असेल, तर उघडल्यावर पट्टी मुठीच्या पाठीशी सपाट बसली पाहिजे. पुढचे टोक वर उचललेले दिसले, तर दात पुरा बसलेला नाही. मात्र काही चाकूंत नव्यापासूनच थोडा फरक असतो. म्हणून चाकू नवा असतानाच नीट पाहून ठेवावा. बाजूच्या पट्टीचा चाकू असेल, तर पट्टी बुडाच्या मागे पुरती आली पाहिजे. नुसती कडेला टेकलेली पट्टी केव्हाही निसटेल. उलट ती पार पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकली असेल, तर ती झिजत आली आहे.

मग हाताने पाहा. पाते पाठीच्या बाजूने चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हळूच हलवा. हलले, तर खीळ ढिली आहे. मग वर-खाली हलवा. त्यात खेळ असेल, तर खटका पुरा बसत नाही किंवा झिजला आहे.

शेवटी जोर देऊन पाहा. ही परीक्षा फार सांभाळून करावी. जाड पुठ्ठ्याची घडी करून धारेवर बसवा आणि वरून दोरा गुंडाळा. आता चाकू उघडा. पात्याची पाठ लाकडी फळीवर टेकवा. धार वर येईल आणि खोबणही वर येईल. मूठ दोन्ही बाजूंनी धरा. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटे. खोबणीवर एकही बोट येता कामा नये. आता मूठ हळूहळू खाली दाबा. खटका धरून राहिला, तर ठीक. सुटला, तर त्या चाकूने काम बंद.

काही लोक पाते दगडावर आपटून खटका पाहतात. तसे करू नका. आपटल्याने चांगला खटकाही दुखावतो. माणूस बळकट आहे की नाही हे पाहायला त्याला काठीने मारत नाहीत!

ही परीक्षा एकदा करून भागत नाही. दहा वेळा उघडा आणि दहा वेळा पाहा. नऊ वेळा धरला आणि एकदा सुटला, तर तो सुटणाराच खटका. बोट कापायला एकच वेळ पुरते.

कारण शोधा, मग उपाय करा

पहिले कारण घाण. सगळ्यात जास्त वेळा हेच निघते. म्हणून सुरुवात येथूनच करा. खिशातला धागा, माती, तंबाखू, फळाचा रस, झाडाचा चीक हे सारे खाचेत जाऊन बसते.

उपाय सोपा आहे. कोमट पाण्यात साबण घाला. जुना दात घासायचा ब्रश घ्या. चाकू अर्धा उघडून खाच, खीळ आणि खोबण घासा. बांबूची बारीक काडी टोकदार करून कोपऱ्यातली घाण काढा. लोखंडी खिळ्याने कोरू नका, ओरखडे पडतील. चीक साबणाने सुटला नाही, तर थोडे रॉकेल मिळाल्यास कापडाच्या बोळ्याने लावा. तेव्हा जवळ चूल, दिवा, विडी काही नको. मग चाकू स्वच्छ धुऊन फडक्याने पुसा आणि उन्हात वाळवा. आत ओल राहिली तर गंज चढेल.

वाळल्यावर खिळीला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. एकच! जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. पाते दहा-बारा वेळा उघडा, मिटा. बाहेर आलेले तेल पुसून घ्या. बाजूच्या पट्टीचा चाकू असेल, तर पट्टी आणि बूड जिथे एकमेकांना टेकतात ती जागा कोरडी ठेवा. तेथे तेल राहिले तर पट्टी घसरते.

आता कोणी म्हणेल, "घरात खोबरेल आहे, तेच घालू." नको. खोबरेल थंडीत गोठते हे आपण बाटलीत पाहतोच. चाकूतही ते तसेच गोठते. शिवाय खायची तेले हवेने चिकट होतात आणि धूळ धरून ठेवतात. तेलाने चाकू मोकळा होण्याऐवजी जाम होतो.

दुसरे कारण ढिली खीळ. पाते डावी-उजवीकडे हलते, मग दात खाचेत सरळ पडत नाही. तुमच्या चाकूची खीळ पेचाची असेल, तर पेच थोडा आवळा. थोडा म्हणजे अगदी किंचित, मग पाते फिरवून पाहावे. अति आवळला तर पाते जड होते, पुरते उघडत नाही, आणि खटका पुन्हा अर्धाच बसतो. आजच्या पुष्कळ चाकूंच्या पेचाला चांदणीच्या आकाराचे भोक असते. त्याला त्याच मापाचा पेचकस लागतो. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे तो असू शकतो. चुकीच्या पेचकसाने भोक खराब करू नका.

खीळ ठोकून बसवलेली असेल, तर चाकू लोहाराकडे न्या. तो ऐरणीवर हलके ठोके देऊन खीळ दाबून देईल. हे काम हलक्या हाताचे आहे. घरी दगडावर ठेवून ठोकाल, तर मूठ फुटेल.

तिसरे कारण कमान. पाठपट्टी दाबून सोडली की ती चटकन वर आली पाहिजे. चाकू साफ असूनही ती सावकाश आली किंवा आलीच नाही, तर कमान थकली आहे किंवा तुटली आहे. कमान विस्तवावर तापवून वाकवू नका. पोलादाला पाणी देऊन लवचीकपणा आणलेला असतो. विस्तवाने तो जातो. मग ती कमान राहत नाही, नुसती पट्टी राहते. कमान बदलणारा कारागीर मिळाला तर बदलावी. नाही तर चाकू बाजूला ठेवावा.

चौथे कारण झीज. दाताचा आणि खाचेचा कोपरा गोल होतो. मग जोर आला की दात घसरून वर येतो. येथे पुष्कळांना मोह होतो. कानस घेतात आणि दात घासतात. त्यांना वाटते, कोपरा नीट होईल. पण घासल्याने लोखंड कमीच होणार. फट वाढते आणि खटका आणखी ढिला होतो. पोटाला छिद्र पडलेली घागर आणखी कोरून बुजत नाही. झिजलेल्या खटक्यावर घरचा उपाय नाही.

पाचवे कारण पाऊस. लाकडी मूठ ओलीने फुगते. पाते अडकते, अर्धेच उघडते. कड्याच्या चाकूत हे नेहमी दिसते. मूठ सावलीत दोन-चार दिवस सावकाश वाळू द्या. चुलीजवळ ठेवू नका, चीर पडेल.

सहावे कारण मात्र चाकूत नसते. ते आपल्या हातात असते. मूठ फार आवळून धरली, की तळहात पाठपट्टीच्या मागच्या टोकावर दाबतो, किंवा बोट बाजूच्या पट्टीला सारते. मग आपणच खटका सोडतो आणि चाकूला दोष देतो! म्हणून काम करताना जसा चाकू धरता, तसाच धरून एकदा पाहा. दाब खटक्यावर पडतो आहे का? पडत असेल तर धरण्याची रीत बदला.

खटक्यावर विसंबू नका

साफ केला, तेल दिले, खीळ आवळली. आता सगळी परीक्षा पुन्हा करा. दहाच्या दहा वेळा धरला, तरच कामाला घ्या. नापास झाला, तर कामाला नको. सुतळीने बांधून, खोबणीत खिळा ठोकून किंवा तार गुंडाळून चालवलेला चाकू जास्त घातकी असतो. त्याच्यावर आपण उगाच भरवसा टाकतो.

आणि खटका चांगला असला, तरी तो कशासाठी आहे हे विसरू नका. तो चुकून आलेला जोर सहन करण्यासाठी आहे. रोज मुद्दाम जोर देण्यासाठी नाही. ओपिनेलचा चाकू पासष्ट वर्षे कड्यावाचून चालला, तो हाताच्या रीतीवर. ती रीत अशी. धारेच्या बाजूने कापा. पात्याच्या पाठीवर जोर देऊ नका. टोक खुपसून उचकू नका, पिळू नका. चाकू म्हणजे पहार नव्हे. डबे उघडायला आणि खिळे उपटायला तो नाही. गाठ घट्ट असेल तर सुतळी वरून कापा. जड कामाला विळा किंवा न मिटणारी सुरी घ्या. मिटताना बोटे खोबणीबाहेर ठेवा. चाकू तंबाखूच्या खिशात ठेवू नका.

इतके करूनही कापलेच, तर काय करावे? स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरा. हात छातीच्या वर उचला. हळद, चुना, तंबाखू, माती यांपैकी काहीही भरू नका. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा सरळ होत नसेल, बोट बधिर वाटत असेल, तर लगेच दवाखान्यात जा. शीर तुटली असेल तर ती लवकर जोडावी लागते. उशिराने काम कठीण होते. धनुर्वाताच्या सुईबद्दल डॉक्टरांना विचारा.

आमचे ते शेतकरी मित्र आता बरे आहेत. पण त्यांचे मधले बोट पुरते वाकत नाही. दूध काढताना ते बोट बाजूला राहते. चाकू आम्ही दोघांनी मिळून साफ केला. घाण निघाली तसा टक् आवाज परत आला. खटका दहाच्या दहा वेळा धरून राहिला. ते म्हणाले, "गुरुजी, साबणाची एक वडी आणि अर्धा तास. एवढंच लागणार होतं."

आता ते दर अमावस्येला विळे-कोयत्यांना धार लावतात, तेव्हा चाकूही धुतात आणि पाहतात. तुम्हीही एक दिवस ठरवा. आज हे पान वाचून झाले की खिशातला चाकू काढा. उघडा. कान द्या.

वाचा आणि सांगा:
१. साध्या कमानीच्या चाकूला खटका असतो का?
२. चाकूत खोबरेल का घालू नये?
३. झिजलेला दात कानशीने घासला तर काय होते?
४. तुमचा चाकू कोणत्या जातीचा आहे? परीक्षेत तो पास झाला का?